रिस्टोर केलेली जुनी लाकडी शिडाची बोट विकत घेताना

जाहिरातीत एक ओळ हमखास असते: संपूर्ण रिस्टोर केलेली, पाण्यात उतरवायला तयार. सोबत पंधरा-वीस फोटो. मधाच्या रंगाचं वार्निश, पांढरीशुभ्र बाजू, केबिनमध्ये पितळेचा दिवा. किंमत पाहिली तर एखाद्या जुन्या मोटारीएवढी. मन लगेच बोटीत जाऊन बसतं.

मी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोकमध्ये राहतो. नऊ वर्षांपूर्वी इथेच एक लाकडी फोकबोट, म्हणजे स्कँडिनेव्हियन घडणीची छोटी शिडाची बोट, घेतली. तिच्याआधी तीन बोटी पाहून सोडून दिल्या होत्या आणि तिन्ही जाहिरातीत 'रिस्टोर केलेल्या' होत्या. पहिलीचं काम चांगलं दिसत होतं, पण कागद एकही नव्हता. दुसरीत रंगाखाली फटी बुजवायची लांबी (पुट्टी) जिकडेतिकडे भरलेली होती. तिसरीवर बाहेरून फायबरग्लासचं आवरण चढवलेलं होतं. रिस्टोर या शब्दाला ठरलेला अर्थ नाही. एका मालकाने कण्याचे, म्हणजे तळाच्या मुख्य लाकडाचे, बोल्ट काढून नवे घातलेले असतात, दुसऱ्याने उन्हाळाभर घासून रंग दिलेला असतो, आणि आपण बोट रिस्टोर केली असं दोघेही मनापासून म्हणतात. आपल्यासमोर यांतली कुठली बोट आहे, हे पैसे देण्याआधी कळलं पाहिजे. ते कसं शोधायचं, ते इथे क्रमाने लिहितो.

आधी बोटीचा प्रकार ओळखा

उदाहरण फोकबोटचंच घेतो, कारण तीच मला आतून माहीत आहे. नव्याने लाकडी बोट घेणाऱ्याला झेपेल अशीही तीच. 1941 साली स्कँडिनेव्हियन सेलिंग फेडरेशनने सामान्य माणसाला परवडेल अशा बोटीसाठी स्पर्धा जाहीर केली. एकही आराखडा पूर्ण पसंत पडला नाही, तेव्हा चांगल्या आराखड्यांतले गुण एकत्र करून टोर्ड सुंडेन यांच्याकडून अंतिम नकाशे काढून घेतले. पहिली बोट 1942 मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला पाण्यात उतरली. लांबी 7.68 मीटर, रुंदी 2.20, पाण्याखालची खोली 1.20 आणि वजन 1930 किलो. त्यातलं निम्म्याहून जास्त वजन तळाशी लोखंडी कीलमध्ये, म्हणजे बोटीला सरळ ठेवणाऱ्या जड भागात, असतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ही छोटी बोट काय सोसू शकते, ते 1960 च्या पहिल्या एकट्याच्या अटलांटिक शर्यतीत दिसलं. ब्लाँडी हॅस्लर 'जेस्टर' नावाच्या फोकबोटवर चिनी पद्धतीचं शीड लावून प्लिमथहून निघाले आणि 48 दिवसांत न्यूयॉर्कला दुसरे पोहोचले. पहिल्या आलेल्या फ्रान्सिस चिचेस्टर यांची बोट जेस्टरहून बरीच मोठी होती.

मूळ फोकबोट क्लिंकर पद्धतीची. फळ्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या आणि तांब्याच्या रिव्हेटांनी जोडलेल्या. त्यांच्या सांध्यात कापूस नसतो, लाकूड फुगून सांधा बंद होतो. दुसरी पद्धत कार्वेल. तिच्यात फळ्या कडेला कड लावून बसवतात आणि मधल्या फटीत कापसाची दोरी ठोकून वर लांबी भरतात. हर्णैच्या बंदरात लहानपणी मी ज्या मोठ्या लाकडी होड्या पाहिल्या, त्यांच्या फटींत असाच कापूस ठोकत असत, त्यामुळे हे काम पाहताना ओळखीचं वाटलं. बोट कुठल्या पद्धतीची आहे यावर तपासणी ठरते. क्लिंकर बोटीच्या सांध्यात कोणी कडक लांबी किंवा सिलिकॉन भरलेलं दिसलं, तर ती गळत होती आणि मूळ कारण कोणी शोधलं नाही, एवढं समजा.

फोनवर विचारायचे प्रश्न

बोट पाहायला दोनशे मैल गाडी चालवण्याआधी चार गोष्टी मागा. काम चालू असतानाचे फोटो. लाकूड, खिळे आणि बोल्ट यांची बिलं. काम कोणी आणि कुठल्या साली केलं. आणि बोट पाण्याबाहेर किती महिने आहे.

फोटो आणि बिलं सगळ्यात महत्त्वाची. जो माणूस खरोखर फासळ्या, म्हणजे फळ्यांना आतून धरणारी वाकवलेली लाकडं, बदलतो, तो फोटो काढतोच. आठवडेच्या आठवडे मान मोडून केलेल्या कामाचा त्याला अभिमान असतो. फळी काढलेली आहे, आतली जुनी फासळी काळी पडलेली आहे आणि शेजारी नवी पिवळसर ओकची फासळी आहे, असा एक फोटो वार्निशच्या चाळीस फोटोंना भारी आहे. बिलात तांब्याचे खिळे आणि चकत्या किलोने घेतलेल्या दिसल्या तर काम मोठं होतं. नुसते रंगाचे डबे दिसले तर रंगच दिला होता.

पाण्याबाहेरच्या महिन्यांचं उत्तर दोन वर्षांच्या वर गेलं तर सावध व्हा. लाकूड सुकून आकसतं, सांधे उघडतात. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवतात, ते पावसापासून लाकूड जपण्यासाठी. इथे प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत घट्ट गुंडाळतात. आत हवा खेळली नाही की तीच ताडपत्री घात करते.

स्वतः तपासणी: किमान तीन तास

बोट पाण्याबाहेर, टेकूंवर उभी असताना पाहा. सोबत चांगला टॉर्च, लहान हातोडी, लोहचुंबक, दंतवैद्याकडे असतो तसला आरसा, टोच्या आणि मळले तरी चालतील असे कपडे न्या. टोच्या वापरण्याआधी मालकाची परवानगी घ्या.

आधी लांब उभं राहून मागून आणि बाजूने बोटीची रेघ पाहा. वरची कड नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत एकाच वळणाने गेली पाहिजे. मध्ये कुबड दिसलं किंवा एका बाजूचं वळण दुसऱ्या बाजूशी जुळलं नाही, तर सांगाडा खचला आहे. रंगाने हे झाकता येत नाही.

मग हातोडीने हलकेच ठोकत चला. निरोगी लाकूड टणक आवाज देतं, कुजलेलं बद्द वाजतं. पाचेक मिनिटांत कानाला फरक कळायला लागतो.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यायचा भाग, गोड्या पाण्याचा. नवख्या माणसाला वाटतं की समुद्राचं पाणी लाकूड कुजवतं. खरं तर लाकूड कुजवते ती बुरशी, आणि खारट पाण्यात ती फारशी वाढत नाही. बोट कुजते ती पावसाच्या पाण्याने, आणि वरून खाली. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर गेला आणि हवा कोंडली की बुरशीला हवं ते सगळं मिळतं. म्हणून डेक आणि बाजू जिथे मिळतात ती कड, केबिनच्या भिंतीचे खालचे कोपरे, डोलकाठीचे तारदोर जिथे बोटीला बांधतात त्या पट्ट्यांच्या मागची जागा, कॉकपिटचे, म्हणजे बसून बोट चालवायच्या खोलगट जागेचे, कोपरे आणि मागच्या उभ्या फळीची टोकं, एवढ्या जागा आधी बघा. वार्निशखाली काळा डाग दिसला तर तिथे पाणी शिरलेलं आहे. मी सोडून दिलेल्या दुसऱ्या बोटीत डेकच्या कडेखाली टॉर्च मारला तेव्हा रंग अगदी गुळगुळीत होता. टोच्या टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर ओढला तर टोकाला लाकडाऐवजी ओलसर, तपकिरी चुरा होता, चहाच्या चोथ्यासारखा. मालकालाही ते ठाऊक नव्हतं. त्याचा चेहरा पडला. तिथे मला घासाघीस करावीशी वाटली नाही.

आत शिरा आणि केबिनच्या तळफळ्या उचला. उचलता येत नसतील, स्क्रूने कायमच्या बसवल्या असतील, तर मालकाला त्या काढायला सांगा. आत फासळ्या एकेक करून मोजा. ओकच्या फासळ्या वाफेवर वाकवून बसवलेल्या असतात आणि जिथे तळ वर वळतो त्या वळणावर तडकतात. आरसा लावून मागची बाजू पाहा. दोन-चार तडकलेल्या असतील तर शेजारी जोडफासळी देऊन भागतं. ओळीने आठ-दहा तडकल्या असतील तर कामाचा आणि पैशाचा हिशेब बदलतो.

रिव्हेटांवर हिरवट झाक असेल तर काळजी नको, ते तांबंच आहे. गंजाची तपकिरी रेघ ओघळत असेल तर मध्ये कोणीतरी लोखंडी खिळे वापरले आहेत. इथे लोहचुंबक कामाला येतो. ओकमध्ये टॅनिन नावाचं आम्ल असतं, ते लोखंड खातं आणि गंजलेलं लोखंड उलट लाकूड खातं. सागवानात तेल असतं, त्यामुळे त्याचं लोखंडाशी बरं जमतं. मुंबईच्या वाडिया गोदीत मलबारी सागवानातून 1817 साली बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे ब्रिटिश युद्धजहाज इथे हार्टलपूलला आजही पाण्यावर उभं आहे. मी ते मुद्दाम पाहायला गेलो होतो आणि बराच वेळ नुसता फळ्यांवर हात ठेवून उभा राहिलो. फोकबोट मात्र पाइन किंवा लार्चच्या फळ्यांची आणि ओकच्या फासळ्यांची. तिला सागवानाचं आयुष्य नाही, तिची निगा वेगळी.

आता तो वजनाचा आकडा. सुमारे हजार किलोचं लोखंड बोटीच्या लाकडी कण्याला मोजक्या बोल्टांनी टांगलेलं असतं. बोल्टचं डोकं आणि नट चांगले दिसतात, पण लाकूड आणि लोखंड जिथे मिळतं त्या रेषेत, डोळ्यांना दिसत नाही तिथे, तो झिजून मधोमध बारीक झालेला असू शकतो. बाहेरून त्या सांध्यावर गंजाचा ओघळ किंवा बारीक फट दिसते का पाहा. शेवटचे बोल्ट कधी काढून पाहिले, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर एक-दोन बोल्ट काढून दाखवा किंवा त्यांचा एक्स-रे काढू द्या, अशी अट घाला. चांगला विक्रेता याला नाही म्हणत नाही.

एक धोका असा आहे की तो अति काळजीतून येतो. धातू गंजू नये म्हणून बोटीखाली जस्ताचे तुकडे लावतात. काही मालक उत्साहात भरपूर जस्त लावतात आणि सगळ्या धातूच्या वस्तू वायरने एकमेकींना जोडून टाकतात. त्या विजेच्या खेळात जपलेल्या धातूभोवती अल्कली तयार होते आणि लाकूड मऊ, तंतूतंतू होतं. पाण्याच्या नळाच्या झडपांभोवती पांढरी पूड आणि कापसासारखं पिंजलेलं लाकूड दिसलं तर ते हेच. नवं लाकूड घालण्याशिवाय याला इलाज नाही.

फायबरग्लासचं आवरण चढवलेली जुनी बोट मी घेत नाही. आत लाकूड फुगतं, आकसतं आणि आवरण तसंच राहतं. मग दोहोंमध्ये पाणी साचतं आणि आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही.

डोलकाठी आडवी ठेवलेली असेल तर नशीब समजा. स्प्रूसच्या तुकड्यांना चिकटवून केलेली काठी सांध्यात उघडते. नखाने चाचपून पाहा. तारा बांधायच्या जागा आणि बुडखा काळा नाही ना, तेही पाहा. शिडं कुरकुरीत आहेत की धोतरासारखी मऊ झाली आहेत, हे हाताला लगेच कळतं. इंजिन सुरू करून घ्या, पण त्यात जीव अडकवू नका. इंजिन बदलता येतं.

सर्व्हेयर

हे सगळं पाहून बोट आवडली, तरच सर्व्हेयरला, म्हणजे बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाला, बोलवा. पैसे तुम्ही द्यायचे आणि माणूस तुम्ही निवडायचा. विक्रेत्याकडचा दोन वर्षांपूर्वीचा अहवाल वाचायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. तो अहवाल ज्याच्यासाठी केला, त्याच्याशीच सर्व्हेयर बांधील असतो. ब्रिटनमध्ये यॉट डिझायनर्स अँड सर्व्हेयर्स असोसिएशनच्या यादीत नावं मिळतात. त्यातून लाकडी बोटींचा अनुभव असलेलाच शोधा. फायबरग्लास तपासण्यात हयात गेलेला माणूस इथे उपयोगाचा नाही. शक्य असेल तर तपासणीच्या दिवशी सोबत राहा. अहवालात लिहिलं जात नाही असं बरंच काही तो बोलता बोलता सांगतो. विम्यासाठीही हा अहवाल लागतो, कारण जुन्या लाकडी बोटीचा विमा उतरवताना कंपन्या तो मागतात. डोलकाठीच्या तारा 10 वर्षांहून जुन्या असतील तर त्यांबद्दलही विचारणा होते.

किंमत, करार, कागद

लाकडी फोकबोट दोन-तीन हजार पौंडांतही मिळते आणि उत्तम काम झालेली त्याच्या कितीतरी पटीनेही जाते. माझं मत स्पष्ट आहे: जास्त पैसे देऊन खरं काम झालेली बोट घ्या. रिस्टोर करण्याला जेवढा खर्च येतो तेवढा विक्रीत कधीच वसूल होत नाही. तो खर्च आधीच्या मालकाने केलेला असणं, हाच तुमचा फायदा.

ब्रोकर विक्रेत्याचा असतो, हे विसरू नका. व्यवहार सहसा असा चालतो: सर्व्हेच्या अटीवर भाव ठरतो, 10 टक्के रक्कम अनामत जाते, सर्व्हेत मोठा दोष निघाला तर ठरलेल्या मुदतीत भाव कमी करून मागता येतो किंवा माघार घेता येते. हे सगळं लेखी हवं. खाजगी माणसाकडून घेताना दुकानातल्या ग्राहकाचे हक्क तुम्हाला नसतात आणि ब्रोकर मध्ये असला तरी यात फरक पडत नाही.

कागदांत आधीच्या मालकांच्या विक्रीखतांची साखळी बघा. स्मॉल शिप्स रजिस्टरवरची, म्हणजे ब्रिटनमधल्या छोट्या बोटींच्या नोंदवहीतली, नोंद हा मालकीचा पुरावा नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. ब्रिटिश रजिस्टरच्या पहिल्या भागात नोंद असेल तर मालकी 64 हिश्श्यांत लिहिलेली सापडते आणि बोट गहाण असेल तर तेही तिथे कळतं. व्हॅटचा मुद्दाही पाहून घ्या. 1985 पूर्वी वापरात आलेली आणि 31 डिसेंबर 1992 ला युरोपीय समुदायात असलेली बोट कर भरलेली मानली जात असे. ब्रेक्झिटनंतर मात्र 31 डिसेंबर 2020 ला बोट कुठे होती याला महत्त्व आलं. डेन्मार्क किंवा स्वीडनमधून बोट आणायची असेल तर हे आधी तपासा, कारण तिथे बोटी जास्त आणि भाव कमी, त्यामुळे मोह होतो.

ही बोट भारतात नेता येईल का?

मला हा प्रश्न घरच्यांनीच विचारला होता. मी नेणार नाही. पाइनच्या पातळ फळ्या आपल्या उन्हात चार महिन्यांत आकसतील, आणि उबदार खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे थंड पाण्यातल्यापेक्षा फार जोमाने वाढतात. आपल्याकडच्या होड्यांना मोरी (शार्क) माशाच्या तेलाचे हात देतात ते उगाच नाही. भारतात लाकडाचा गुण हवा असेल तर गोव्याकडे पाहा. 2009-10 मध्ये दिलीप दोंदे ज्या 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती दिवाडी बेटावर बांधली होती. तिच्या पोटात सीडरच्या पट्ट्या आहेत आणि आतून-बाहेरून फायबरग्लास आहे. ती मुळातच तशी आखून बांधलेली, जुन्या लाकडावर मागाहून आवरण चढवलेली नव्हे. कॅलिफोर्नियातल्या मराठी वाचकांना मात्र लांब जायला नको. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत फोकबोटींचा मोठा ताफा आहे.

वर्षाचा हिशेब

बोटीच्या किमतीच्या 10 टक्के वर्षाला खर्च होतात, असं सांगतात. स्वस्त लाकडी बोटीला हा नियम लागू नाही. तीन हजारांची बोट असो की पंधरा हजारांची, जागेचं भाडं, क्रेन, विमा आणि रंग तेवढाच लागतो. पैशापेक्षा वेळ मोजा. माझे दर वर्षी मार्च-एप्रिलचे सात-आठ शनिवार-रविवार वार्निश आणि तळाच्या रंगात जातात. ते मला आवडतं. न आवडणाऱ्याने ही बोट घेऊ नये, कारण एक वर्ष टाळलेलं वार्निश पुढच्या वर्षी खरवडून लाकडापासून सुरू करावं लागतं.

पाण्यात उतरवताना

सुकलेली क्लिंकर बोट पहिल्या दिवशी गळतेच. उतरवायच्या आठ-दहा दिवस आधी आत ओली गोणपाटं पसरा आणि रोज खारट पाणी शिंपडा. नळाचं पाणी नको. फटी दिसल्या तरी त्यांत कडक लांबी ठोकू नका. फळी फुगली की तिला जागा हवी असते, ती मिळाली नाही तर रिव्हेट ओढले जातात किंवा फासळी तडकते.

क्रेनवाल्याशी आधीच बोलून रात्रभर पट्ट्यांत टांगून ठेवायची परवानगी घ्या. मी बोट उतरवली तेव्हा पाच मिनिटांत तळफळ्यांवर पाणी आलं. सांध्यांतून धाग्याएवढ्या बारीक धारा आत येत होत्या, टॉर्चच्या उजेडात त्या चांदीच्या तारांसारख्या चमकत होत्या. पोटात गोळा आला. विजेचे दोन पंप आणि बादली घेऊन मी आत बसलो आणि वहीत वेळ लिहीत गेलो. पहिल्या रात्री दर वीस मिनिटांनी पंप लावावा लागला. पहाटे चारला अंतर चाळीस मिनिटांवर गेलं. दुपारपर्यंत दोन तास. तिसऱ्या दिवशी सकाळी तळाशी जेमतेम दोन बादल्या पाणी होतं आणि एकही धार दिसत नव्हती.

अशी वही तुम्हीही ठेवा. दोन पंपांमधलं अंतर वाढत असेल तर बोट बरोबर फुगते आहे. चोवीस तासांनंतरही ते वाढत नसेल तर पट्टे सोडू नका, बोट पुन्हा वर उचलायला सांगा, आणि जिथून पाणी आत येत होतं त्या जागा ओल्या असतानाच खडूने खुणा करून ठेवा.